तीन सत्त्यांचे ओझे

वाईट पाने आली की मी निश्चिंत असतो, कारण ती फेकून देण्यापलीकडे काहीच करायचे नसते. खरे संकट चांगली पाने हाती आल्यावर सुरू होते. पोकरच्या त्या डावात माझ्याकडे सत्तीची जोडी होती आणि फ्लॉपवर, म्हणजे सगळ्यांसाठी एकदम उघडायच्या पहिल्या तीन पानांत, बदाम सत्ती, बदाम राजा, इस्पिक दुर्री उघडली. हाती जोडी असताना तिसरे भावंड फ्लॉपवर भेटण्याचा योग साधारण साडेआठात एकदाच येतो, तेव्हा मला घाम फुटणे साहजिक होते.

लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे ठरावीक पैजेच्या पोकरमध्ये, सगळ्या चिप्स एकदम पुढे ढकलून मोकळे होण्याची सोय नाही. आमच्या टेबलावर पहिल्या दोन फेऱ्यांत पैज २ चिप्सची, नंतरच्या दोन फेऱ्यांत ४ची, आणि वाढवायची तीही तेवढ्यानेच. आत्ताच लावले तर तिघेही बिचकून पाने टाकतील, या भीतीने मी ठरवले की चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता चेक म्हणावे, म्हणजे काहीच न लावता पाळी पुढे सोडावी, मागच्या कुणाला तरी लावू द्यावे आणि मग चेक-रेज करून, म्हणजे त्याची पैज वाढवून, त्याला गाठावे. तिघांनीही माझ्याहून निर्विकारपणे चेक म्हटले.

वास्तविक पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, १६ चिप्स होत्या. मी २ लावल्या असत्या, तर बदामाच्या आशेवर बसलेल्याला २ देऊन १८ मिळवण्याची संधी होती, म्हणजे नवास एक. उलट पुढच्या पानावर फ्लश, म्हणजे पाचही पाने बदामाची, न लागण्याचे प्रमाण जेमतेम सव्वाचारास एक. इतक्या स्वस्तात कोण उठतो? ज्यांना घाबरवू नये म्हणून मी श्वास रोखून बसलो होतो, त्यांना घाबरवण्याची ताकद त्या २ चिप्समध्ये नव्हतीच. (दोघांतल्या लिमिट होल्डेमचे कोडे संगणकाने जवळपास सोडवल्याचे अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली जाहीर केले; आम्ही चौघे होतो, एवढाच काय तो मला आधार.)

फुकट मिळालेले चौथे पान बदामाचे निघाले. आता मात्र मला शौर्य सुचले आणि मी ४ लावल्या. समोरच्या वयस्कर गृहस्थांनी शांतपणे ८ केल्या, बाकीचे दोघे निघून गेले. उरलेल्या ४६ पानांतली १० मला फ्लशला हरवणारे फुल हाउस (तीन एकसारखी आणि वर एक जोडी) किंवा चौथी सत्ती देणार होती. आली अठ्ठी. शेवटच्या ४ चिप्सही मी केवळ खात्री करून घेण्यासाठी भरल्या.

"फ्लॉपवर लावायला हवे होते तुम्ही," चिप्सची चळत रचत ते म्हणाले.

"मग तुम्ही उठला असता?"

"छे हो, मी कशाला उठतोय!"

म्हणजे शहाण्यासारखा खेळलो असतो, तर आणखी किमान २ चिप्स गेल्या असत्या. त्या दोन्ही मी मुठीत घट्ट धरल्या आणि पुढची पाने उचलून पाहिली. एक्क्यांची जोडी होती.