सूर्याचा ‘आवाज’ आणि मोबाइल बंद ठेवण्याचा सल्ला

सौर वादळाची बातमी आली की एक ध्वनिफीत हमखास फिरू लागते. सोबतचा मजकूर असा: हा सूर्यावरील स्फोटाचा रेडिओ दुर्बिणीने टिपलेला आवाज असून, स्फोटाचा आघात तरंग आठ मिनिटांत पृथ्वीवर आदळतो, म्हणून रात्री बारा ते तीन मोबाइल बंद ठेवावा.

आधी आवाजाविषयी. रेडिओ दुर्बीण ध्वनी नव्हे, विद्युतचुंबकीय लहरी टिपते. त्यांना ऐकण्याजोगे रूप नंतर दिले जाते. तरीही सगळेच थोतांड ठरवणे घाईचे होईल, कारण आघात तरंगाचा रेडिओ लहरींशी असलेला संबंध खरा आहे. हा तरंग प्रभामंडलातील (सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातील) प्लाझ्मामधून, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूमधून, सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने वर सरकतो, तेव्हा त्याच्यापाशी काही इलेक्ट्रॉन वेगवान होतात, ते प्लाझ्मात आंदोलने उठवतात आणि त्या ऊर्जेचा अल्पसा अंश रेडिओ लहरींच्या रूपाने बाहेर पडतो. त्यांची वारंवारता तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेवर ठरते: घनसेंटिमीटरमध्ये सुमारे 12 कोटी इलेक्ट्रॉन असतील तर 100 मेगाहर्ट्झ, घनता चौथ्या हिश्शावर आली तर 50. तरंग विरळ थरांत चढत जातो तशी वारंवारता उतरत जाते आणि नोंदीत तिरपा पट्टा उमटतो. पुष्कळदा त्याच्या जोडीला दुप्पट वारंवारतेचा दुसराही असतो. मार्च 1947 मध्ये सिडनीत रूबी पेन-स्कॉट, यॅब्स्ली आणि बोल्टन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना एकच उद्रेक आधी 200, मग 100 आणि नंतर 60 मेगाहर्ट्झवर, मिनिटांच्या फरकाने पोहोचलेला दिसला, तो याच उतरणीमुळे.

आठ मिनिटे हा रेडिओ लहरींचा प्रवासकाळ आहे, तरंगाचा नव्हे. सेकंदाला 1000 किलोमीटर वेग टिकला, तरी 15 कोटी किलोमीटरला जवळजवळ 42 तास लागतात. म्हणूनच ही रेडिओ नोंद आगाऊ इशारा म्हणून उपयोगी पडते.

मोबाइलचा सल्ला तर निव्वळ पदरचा. आघात तरंगाचे रेडिओ उत्सर्जन मुख्यतः दीडशे मेगाहर्ट्झच्या आत असते. कर्नाटकातील गौरीबिदनूरची सौर रेडिओ दुर्बीणही त्याच पट्ट्यात काम करते. मोबाइलच्या वारंवारता त्याहून बऱ्याच वर आहेत. सूर्याचे काही वेगळ्या प्रकारचे उद्रेक वरच्या वारंवारतांवरही होतात, हे खरे: 6 डिसेंबर 2006 च्या उद्रेकाने जीपीएसच्या ग्राहकयंत्रांत व्यत्यय आणला होता. पण तो फटकाही दिवस असलेल्या गोलार्धाला बसला. मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली असतो, आणि या लहरी पृथ्वीच्या आरपार येत नाहीत.