नामं आणि क्रियापदं पुरत नाहीत

रिक्वायरमेंटमधली, म्हणजे सॉफ्टवेअरने काय करावं हे सांगणाऱ्या वाक्यांतली, नामं म्हणजे डेटा, क्रियापदं म्हणजे बटणं, की झाला स्क्रीनचा आराखडा, असं रिक्वायरमेंटवरून स्क्रीन बनवण्याबद्दलच्या तुमच्या लेखात म्हटलंय. युक्ती जुनीच आहे; संगणकशास्त्रज्ञ रसेल अ‍ॅबट यांनी १९८३ मध्ये ती मांडली, पण प्रोग्रामच्या रचनेसाठी. स्क्रीनसाठी ती अर्ध्या वाटेतच दम तोडते.

'वापरकर्ता अर्ज रद्द करू शकेल' हे वाक्य घ्या. 'रद्द करा' बटण मिळालं, ठीक. पण मंजूर झालेल्या अर्जावर ते दिसायचंच नाही, की दिसून दाबता यायचं नाही? आधी खात्री विचारायची का? रद्द झाल्यावर माणूस यादीवर परत जातो की तिथेच थांबतो? वाक्यात यातलं काहीच नाही, मग डेव्हलपर मनाला येईल ते करून मोकळा होतो.

म्हणून वाक्य आणि स्क्रीन यांच्या मध्ये टास्क मॉडेल, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा आराखडा, हवंच. संशोधक फाबिओ पातेर्नो यांच्या कॉन्करटास्कट्रीज या मांडणीपद्धतीत कोणतं काम माणसाचं, कोणतं सिस्टिमचं, कशानंतर काय, हे मांडावंच लागतं. किचकट आहे, कबूल. हल्ली तेच वाक्य थेट एआयला देतात. तो या फटी अंदाजाने बुजवतो आणि देखण्या स्क्रीनवर त्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत.

पुढच्या भागात स्क्रीनच्या अवस्था आणि चुकांचे संदेश यांवर जरूर लिहा.