भाजलेल्या मुलाला पाणीच लावा

परवा आत्यानं मला एक मेसेज पाठवला. तिला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला होता. खाली तिनं एवढंच लिहिलं होतं, "तू यातलीच आहेस ना, बघ बरं खरं आहे का." मी फिजिओथेरपिस्ट आहे, भाजलेल्या मुलांच्या हातापायांचे व्यायाम घेते. मेसेज असा होता:

"लहान मूल भाजलं तर पाणी अजिबात लावू नका, फोड येतात. लगेच टूथपेस्ट, शाई किंवा अंड्यातलं पांढरं लावा, आग शांत होते. बर्फ चोळला तर उत्तम. फोड आलाच तर सुईनं फोडा. दवाखान्यात उगाच नळ्या लावतात, हळद-तूप पुरेसं आहे. पंधरा दिवस दूध, भात, अंडी, आंबट बंद, नाहीतर पू होतो. मूल लहान आहे, विसरून जाईल, डागही मोठेपणी निघून जातो. जास्तीत जास्त शेअर करा."

यातलं एकही वाक्य बरोबर नाही. आत्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे, थोडं सविस्तर.

"पाणी लावू नका, फोड येतात."

सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्यानं होतं. फोड पाण्यानं येत नाही. उष्णतेनं त्वचेचा वरचा थर खालच्यापासून सुटतो, खालच्या बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि मधल्या जागेत साठतो. चटका बसला तेव्हाच हे सुरू झालेलं असतं, फोड डोळ्यांना दिसायला मात्र काही मिनिटं लागतात, कधी काही तास. तेवढ्यात कुणीतरी पाणी ओतलेलं असतं, म्हणून आळ पाण्यावर येतो.

गॅस बंद केला तरी तवा लगेच गार होत नाही. त्वचेचंही तसंच आहे. चहाचा कप बाजूला झाला तरी आत शिरलेली उष्णता खालच्या थरांना भाजत राहते. बर्मिंगहॅमचे सर्जन डग्लस जॅक्सन यांनी १९५३ मध्ये भाजलेल्या जागेचे तीन पट्टे वर्णन केले. मधोमध मेलेली त्वचा, कडेला नुसती लाल झालेली, आणि या दोहोंच्या मध्ये अर्धमेली. ही अर्धमेली त्वचा पुढच्या एक-दोन दिवसांत वाचूही शकते किंवा मरूही शकते. जखम दोन आठवड्यांत भरेल की त्वचारोपण करावं लागेल, हे पुष्कळदा तिच्यावर ठरतं, आणि तिला वाचवायचं पहिलं साधन नळ आहे.

म्हणून भाजलेला भाग साध्या गार पाण्याच्या धारेखाली धरा, २० मिनिटं, घड्याळ लावून. दोन मिनिटांनी मूल शांत झालं म्हणून थांबू नका. पहिली काही मिनिटं हुकली तरी ३ तासांच्या आत केलेल्या या उपायाचा फायदा होतो. पाणी धरता धरताच अंगावरचा ओला गरम कपडा काढा. डायपर आणि स्वेटर गरम पाणी धरून ठेवतात, ते आधी. चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीनं कापा. वाळे, बांगड्या, मनगट्या, करदोटा हेही लगेच काढा, कारण सूज चढली की ते निघत नाहीत आणि रक्तपुरवठा आवळतात.

टँकरवर जगणाऱ्या गावात २० मिनिटं नळ कुठून आणायचा, हा प्रश्न मला वॉर्डातल्या आयांनी विचारलेला आहे आणि तो रास्त आहे. घमेल्यावर हात धरून तांब्यानं पाणी ओतत राहा, घमेल्यात पडलेलं स्वच्छ पाणी पुन्हा ओतलं तरी चालतं. तेवढंही नसेल तर ओलं स्वच्छ फडकं ठेवा आणि दर दोन मिनिटांनी बदला. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी स्वतःच पोळतं, तिथं माठातलं घ्या. तान्हं बाळ असेल किंवा बराच भाग भाजला असेल तर बाकीचं अंग कोरड्या कपड्यात गुंडाळून ऊब द्या, आणि मूल कुडकुडायला लागलं तर पाणी थांबवा. नंतर धुतलेलं सुती कापड सैल झाकायचं आणि निघायचं.

"टूथपेस्ट, शाई, अंड्यातलं पांढरं लावा."

पेस्टमधल्या पुदिन्याच्या अर्कानं गार वाटतं, पण त्वचेतली उष्णता त्यानं उतरत नाही. कच्च्या अंड्यात जंतू असू शकतात आणि भाजलेल्या जागी ते अडवणारी त्वचा उरलेली नसते. शाईचा आणि हळदीचा त्रास आणखी वेगळा आहे. जखम किती खोल आहे हे डॉक्टर रंगावरून आणि दाबल्यावर तो रंग कसा बदलतो यावरून ठरवतात. निळ्या किंवा पिवळ्या थराखाली ते दिसत नाही. मग तो थर खरवडून काढावा लागतो, आधीच भाजलेल्या मुलाच्या अंगावरून. दाराबाहेर उभं राहून ते रडणं ज्यानं ऐकलं, तो पुन्हा कुणाला पेस्ट लावायला सांगणार नाही.

"बर्फ चोळा."

नको. बर्फानं रक्तवाहिन्या आवळतात आणि वाचू शकणारा तो मधला पट्टाही मरतो. चोळल्यानं सुटलेली त्वचा निघून येते.

"फोड सुईनं फोडा."

छोटा फोड म्हणजे अंगानं स्वतःच बांधलेली पट्टी. मोठा किंवा सांध्यावरचा फोड काढायचा की ठेवायचा ते दवाखान्यात, निर्जंतुक हातांनी ठरू दे.

"दवाखान्यात उगाच नळ्या लावतात."

नळ्या का लावतात ते सांगते. मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाच्या साधारण १ टक्का. असे दहा तळहात भरतील एवढं भाजलं असेल तर अंगातलं पाणी रक्तवाहिन्यांतून इतकं झिरपतं की सलाईनशिवाय मूल तगणं अवघड होतं. वर्षभराच्या बाळाचं डोकं त्याच्या शरीराच्या मानानं मोठं असतं, डोकं-चेहरा मिळूनच सुमारे १८ टक्के. ओट्यावरचं पातेलं त्यानं ओढलं तर चेहरा, मान, छाती एका झटक्यात भाजतात. अशा मुलाला पहिल्या २४ तासांत द्यायच्या सलाईनपैकी निम्मं पहिल्या ८ तासांत जायला हवं, आणि हे ८ तास दवाखान्यात पोचल्यापासून नव्हे, भाजल्या क्षणापासून मोजतात. हळद-तुपात घालवलेले पाच तास त्यातूनच वजा होतात.

टक्केवारी कमी असली तरी चेहरा, हात, पाऊल, जांघ किंवा सांधा भाजला असेल, वीज किंवा ॲसिड असेल, धूर छातीत गेला असेल, जखम पांढरी किंवा काळी दिसत असून दुखत नसेल, तर थेट रुग्णालय गाठा. न दुखणारी जखम सगळ्यांत खोल असते, कारण तिथल्या नसाच जळालेल्या असतात. १०८ ला फोन करा. खर्चाची धास्ती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत भाजण्यावरचे उपचार येतात, कागदपत्रांचं रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. नवी मुंबईत ऐरोलीला फक्त भाजलेल्यांसाठीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे. मुंबईत शीवच्या रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे, मृत्यूनंतर ६ तासांच्या आत दिलेली त्वचा तिथं साठवली जाते आणि अंगाचा मोठा भाग उघडा पडलेल्या रुग्णावर तात्पुरतं आवरण म्हणून लावली जाते. नेत्रदानाबद्दल आपण घरात बोलतो, त्वचादानाबद्दलही बोलायला हवं.

"दूध, भात, अंडी, आंबट बंद."

हे पथ्य मला दर आठवड्याला भेटतं, आणि ते प्रेमापोटी पाळलेलं असतं, म्हणून बोलताना जपून बोलावं लागतं. पू जंतूंमुळे होतो, पांढऱ्या पदार्थांमुळे नाही. मोठं भाजलं की शरीर भट्टीसारखं इंधन खातं आणि नवी त्वचा विणायला प्रथिनं मागतं. ती मिळाली नाहीत तर स्वतःचेच स्नायू वापरतं. मग मूल पंधरा दिवसांत काडीसारखं होतं, जखम भरत नाही, लावलेली त्वचा धरत नाही, आणि घरचे म्हणतात, अजून कडक पथ्य करूया. दूध, अंडी, वरण-भात, मासे, शेंगदाण्याचा लाडू, दही, सगळं द्या. लिंबू आणि आवळा तर हवेतच, जखम सांधायला क जीवनसत्त्व लागतं. अंडं त्वचेवर नको, पोटात हवं.

"डाग मोठेपणी निघून जातो."

इथं माझं रोजचं काम सुरू होतं. दोन आठवड्यांत भरलेली जखम बहुधा फारसा व्रण ठेवत नाही. तीन आठवड्यांपेक्षा जास्त लागले तर व्रण जाड, लाल, उंच होण्याची शक्यता बरीच वाढते, आणि तो आकसतो. मूल वाढतं, व्रण त्याच्याबरोबर तसा वाढत नाही. कोपर वाकलेलं राहतं, बोटं तळहाताकडे ओढली जातात, हनुवटी छातीकडे खेचली जाते. ज्या अवस्थेत मुलाला आराम वाटतो, नेमक्या त्याच अवस्थेत सांधा आखडतो. म्हणून मान भाजली असेल तर उशी काढा. कोपर भाजलं असेल तर रात्री स्प्लिंट, म्हणजे सांधा सरळ धरून ठेवणारी कडक पट्टी, बांधा. जखम पूर्ण भरल्यावर खोबरेल तेलानं दिवसातून तीन-चारदा व्रण दाबून मळा, उन्हापासून झाका. दाबाचे घट्ट कपडे दिले असतील तर ते दिवसाचे २३ तास घालायचे, आंघोळीपुरते काढायचे, महिनोन्महिने, बहुधा वर्षभर किंवा जास्त. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे किती कठीण आहे ते मला माहीत आहे. खाज तर अशी सुटते की मुलं रात्र रात्र झोपत नाहीत. हट्टीपणा म्हणून तिच्याकडे पाहू नका, तिच्यावर औषध मिळतं, मागून घ्या.

"मूल लहान आहे, विसरून जाईल."

तीन वर्षांचं मूल सांगत नाही, पण दाखवतं. बादली पाहिली की किंचाळतं. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. आई स्वयंपाकघरात गेली की पदर सोडत नाही. बाहुलीला पट्टी बांधून "ओरडू नको" म्हणून मारतं. पहिल्या काही आठवड्यांत यातलं बरंच काही स्वाभाविक असतं आणि घरच्यांच्या धीरानं ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं किंवा वाढलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला हवं.

धीर द्यायचा म्हणजे खरं बोलायचं. ड्रेसिंगच्या आधी "काही होणार नाही" म्हटलं आणि दुखलं, तर पुढच्या वेळी मूल कुणावरच भरवसा ठेवत नाही. "थोडं दुखेल, मी हात धरून बसते, दहापर्यंत मोजू" हे चालतं. कुठला हात आधी, कुठलं गाणं, एवढं तरी त्याला ठरवू द्या. ड्रेसिंगच्या आधी दुखणं कमी करणारं औषध द्या, असं डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा, तो मुलाचा हक्क आहे. शाळेत परत पाठवण्याआधी बाईंना भेटा आणि मुलाकडून एक वाक्य बसवून घ्या: "मला गरम पाण्यानं भाजलं होतं, आता बरं आहे." विचारणाऱ्याला उत्तर तयार असलं की मूल मान खाली घालत नाही.

आणि मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. वॉर्डात भेटायला येणारा जवळपास प्रत्येक नातेवाईक आईला विचारतो, "तुझं लक्ष कुठं होतं?" बापाला हे कुणी विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाची त्वचा पाचेक सेकंदांत खोल भाजतं, मुलाची त्याहून लवकर, आणि कपातला चहा बहुधा त्याहून गरम असतो. एवढ्या वेळात लक्ष कुणाचंही चुकतं. त्या प्रश्नानं उपचार बिघडतात. दोष लागलेली आई कधी भाजलं, कशानं भाजलं ते लपवते आणि उशिरा येते. घरी व्यायाम घेताना मूल रडलं की तिचे हात थांबतात, कारण आपण त्याला दुसऱ्यांदा दुखवतोय असं तिला वाटतं. अशी कोपरं मी पाहिली आहेत, जी निव्वळ या अपराधीपणानं आखडली. भेटायला जाल तेव्हा डबा न्या, रात्रीची एक पाळी घ्या, धाकट्या भावंडाला चार दिवस घरी आणा. पट्टी बांधायला आणि व्यायाम घ्यायला बापानंही शिकावं.

हे सगळं ऐकून आत्या बराच वेळ गप्प होती. आतेभावाच्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही, ते आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. तो दोन वर्षांचा असताना बंबाला हात लागला होता आणि घरात जी शाई होती ती ओतली होती. "तेव्हा पाणी ओतलं असतं तर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आत्या, किती खोल भाजलं होतं ते आज कुणीच सांगू शकणार नाही, आणि तेव्हा तुला कुणी सांगितलंही नव्हतं. ती म्हणाली, "आता लिहून दे. चार ओळीत. मंडळातल्या बायका मोठं वाचत नाहीत."

लिहून दिलं. भाजलं की आधी २० मिनिटं साधं गार पाणी. कपडे-दागिने काढा, पेस्ट-शाई-बर्फ काही नको. स्वच्छ कापड झाकून दवाखाना, लागलं तर १०८. खाणं भरपूर, आणि आईला बोल लावू नका.

शेवटची ओळ तिनं उचलून सगळ्यांत वर टाकली.