सॅम स्पेड ह्यूस्टनचा नाही, हॅमेटचा

काल भाचीने तिच्या फिल्म क्लबमधलं भाषण मला वाचायला पाठवलं, आणि त्यात गेले दोन आठवडे प्रत्येक ग्रुपवर फिरणारा तोच फॉरवर्ड जसाच्या तसा. १९४१ चा ‘द माल्टीज फाल्कन’ हा हॉलिवूडचा पहिला डिटेक्टिव्ह सिनेमा, कथा दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनच्या डोक्यातली, त्यातला डिटेक्टिव्ह सॅम स्पेड त्यानेच जन्माला घातला, आणि तेव्हा रंगीत फिल्म नव्हतीच म्हणून पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट.

पहिला कसला, याच कथेवरचा हा तिसरा! १९३१ मध्ये रिकार्डो कॉर्तेझ स्पेड झाला होता, १९३६ मध्ये पात्रांची नावं बदलून बेटी डेव्हिसला घेऊन परत काढला, आणि तिन्ही वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओचेच. रंगाचं म्हणाल तर ‘गॉन विथ द विंड’ १९३९ चा आहे, विषय संपला.

पण कथेचा मुद्दा वाचून खरंच डोकं फिरलं. कथा डॅशिएल हॅमेटची आहे, १९२९ पासून ‘ब्लॅक मास्क’ मासिकात क्रमशः आली आणि १९३० ला पुस्तक निघालं. हा माणूस स्वतः पिंकर्टन एजन्सीत डिटेक्टिव्हची नोकरी केलेला. स्पेड सिगरेट कशी वळतो, कागदावर तंबाखू कशी पसरतो, अंगठ्याने कड कशी आत दाबतो, जीभ कुठे लावतो, सगळं त्याने बोटाबोटाने लिहिलंय, आणि १९४१ च्या सिनेमात स्पेड झालेला हम्फ्री बोगार्ट पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो सिगरेटच वळत असतो. हे ह्यूस्टनच्या डोक्यातून आलं म्हणता?

आणि यावर कोर्टाचा निकाल आहे हो! १९३० मध्ये ८,५०० डॉलरला सिनेमाचे हक्क घेतले म्हणून स्पेडही आमचाच, असं वॉर्नरचं म्हणणं होतं, कारण हॅमेटने १९४६ मध्ये रेडिओसाठी स्पेड वापरायची परवानगी दुसऱ्यांना दिली होती. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने सांगितलं की कथेचे हक्क विकले म्हणून लेखकाने पात्र विकलं असं होत नाही. एवढा खटला लढणाऱ्या स्टुडिओनेसुद्धा स्पेड ह्यूस्टनने निर्माण केला असा दावा केला नव्हता.

ह्यूस्टनचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच पिक्चर होता, तेवढं बरोबर आहे. पटकथाही त्याचीच, आणि आधीच्या दोन्हींपेक्षा कितीतरी सरस, पण ती सरस झाली कारण तो पुस्तकातल्या संवादांना चिकटून राहिला.

भाचीला म्हटलं, अगं ते वाक्य खोड आणि हॅमेटचं नाव पहिल्या ओळीत घे. पुस्तक माझ्या कपाटात आहे, रविवारी येऊन घेऊन जा.