वीझरचा निळा अल्बम : चार सोप्या कॉर्ड्स, पण तो आवाज का निघत नाही?

वीझर या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम १० मे १९९४ला आला. नाव फक्त बँडचं आणि मुखपृष्ठावर बँडमधल्या चौघांच्या मागे सपाट निळा रंग, म्हणून सगळे त्याला निळा अल्बमच म्हणतात. गाणी दहाच. आजही नवी गिटार घेतलेली मुलं यातलं काहीतरी वाजवायला बसतात. कॉर्ड्स लवकर बसतात, आवाज मात्र निघत नाही. माझ्या मते हा अल्बम टिकलाय तो याच आवाजामुळे, आणि तो आवाज आलाय बँडने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांतून.

रेकॉर्डिंग १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत झालं. निर्माता होता 'द कार्स' या बँडचा रिक ओकासेक. बँडचे नियम कडक होते : रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) नाही आणि गिटारवर फक्त डाउनस्ट्रोक, म्हणजे वरून खाली मारलेला स्ट्रोक. पिकअप म्हणजे गिटारवरचा तारांची कंपनं टिपणारा भाग; ओकासेकने त्यांना मानेजवळच्या नेक पिकअपवरून तारांच्या टोकाजवळच्या, तीक्ष्ण आवाजाच्या ब्रिज पिकअपवर आणलं. एवढ्या डिस्टॉर्शनमध्येही (मुद्दाम फाटवलेल्या आवाजातही) कॉर्डचा प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो, त्यात या सल्ल्याचा वाटा मोठा आहे. बेस गिटारइतकाच पुढे आहे, आणि बेसिस्ट मॅट शार्पचा वरच्या सप्तकातला फॉल्सेटो (पातळ, उंच आवाज) मुख्य गायक रिव्हर्स कुओमोच्या सरळ गाण्यावर चढतो.

आता वाजवायचं कसं. आधी सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवा : इ फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट, इ फ्लॅट. हे न करता रेकॉर्डसोबत वाजवलंत की सगळं बेसूर लागतं आणि माणूस उगाच बोटांना दोष देतो. दहाच्या (पातळ) तारा उतरवल्यावर ढिल्या पडतात, जोराच्या स्ट्रोकला सूर क्षणभर वर सरकतो. अकराचा (थोडा जाड) सेट लावा. तरंगता ब्रिज (स्प्रिंगवर हलणारा) असेल तर एक तार उतरवली की बाकीच्या चढतात, म्हणून सहाही तारा दोन-तीनदा फिरून लावाव्या लागतात.

'से इट एन्ट सो' घ्या. हाताचे आकार सी शार्प मायनर, जी शार्प, ए, इ. कडव्यात आणि धृपदात त्याच चार कॉर्ड्स आहेत! बदलतं ते वजन : आधी स्वच्छ, आवरलेली गिटार आणि मग एकदम डिस्टॉर्शनची भिंत. इथेच बहुतेकांचं चुकतं. कडव्यातच गेन (डिस्टॉर्शन किती हे ठरवणारा नॉब) वाढवून ठेवतात, मग धृपदाला चढायला जागा उरत नाही. गेन इतकाच ठेवा की सहा तारांची कॉर्ड वाजवल्यावर मधल्या तारा बुजणार नाहीत. ॲम्पचे मिड्स (मधल्या पट्टीचे सूर) कापू नका. खोलीत एकट्याने वाजवताना ते कापलेलं छान वाटतं, पण ड्रम्स आले की गिटार गायब. घरी रेकॉर्ड करताना तीच ओळ दोनदा वाजवा, एक डावीकडे, एक उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज मोठा होतो, रुंद होत नाही; रुंदी येते दोन टेकमधल्या बारीक फरकातून.

डाउनस्ट्रोकचा नियम तर पाळाच. खाली-वर वाजवलं की वरचा स्ट्रोक हलका पडतो आणि गाणं डुलायला लागतं. हात दुखला तर कोपर न वापरता मनगट वापरा, लय कमी करा.

आणि शेवटचं 'ओन्ली इन ड्रीम्स' हेडफोन लावून ऐका, लक्ष फक्त बेसवर. जवळजवळ आठ मिनिटांचं गाणं त्या एका चढत्या बेसलाइनवर उभं आहे. उत्तरार्धात सगळं अगदी शांत होतं, मग ड्रम्स आणि गिटार पायरीपायरीने चढत जातात, आणि स्फोट ओसरल्यावरही तोच बेस.