लिनक्सवर टोकन चालवायला जुना फायरफॉक्स लागत नाही

मुंबईतल्या वकिलांच्या आणि सीएंच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक सल्ला वरचेवर फिरतो. त्याचा सारांश असा: नव्या ब्राउझरांनी प्लगइन (ब्राउझरच्या आत चालणारे जोड-प्रोग्राम) बंद केली, म्हणून लिनक्सवर डिजिटल सहीचं टोकन (सहीची खाजगी किल्ली ठेवणारं यूएसबी उपकरण) चालत नाही. तेव्हा फायरफॉक्स ५२ टाका, अपडेट बंद करा, जावाची प्लगइन फाइल प्लगइन्स फोल्डरमध्ये जोडा. तरीही अडलं तर ब्राउझर सुडोने, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकाराने, चालवा आणि फोल्डरला ७७७, म्हणजे कोणालाही काहीही करण्याची, परवानगी द्या. मुदत उद्यावर आली की माणूस हे सगळं निमूटपणे करून बसतो, म्हणून एकेक मुद्दा सोडवून सांगतो.

‘प्लगइन बंद झाली, म्हणून टोकन बंद’

पहिला भाग खरा आहे. नेटस्केपच्या काळातली एनपीएपीआय ही प्लगइनची पद्धत क्रोमने लिनक्सवर २०१४ मध्येच काढली. फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइन बंद केली आणि जानेवारी २०२१ मध्ये फ्लॅशही. ओरॅकलने २०१८ च्या जावा ११ मधून ब्राउझरचं प्लगइन काढून टाकलं. पण हे सगळं विंडोजवरही झालं, आणि तिथे टोकन चालतंच की! मग दोष प्लगइन जाण्याचा कसा?

ज्या संकेतस्थळावर सही करायची ते पोर्टल आज टोकनपर्यंत तीन वाटांनी पोचतं. ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन संगणकावरच्या मदतनीस प्रोग्रामशी बोलतं, ही एक. मदतनीस प्रोग्राम १२७.०.०.१ या, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्याच, पत्त्यावर एखादा पोर्ट उघडून बसतो, ही दुसरी. तिसरी म्हणजे टोकनची पीकेसीएस-११ लायब्ररी (टोकनशी बोलणारी ड्रायव्हरची फाइल) थेट ब्राउझरमध्ये लोड करणं. तुमचं पोर्टल यातली कोणती वाट धरतं ते त्याच्या मदत-पानावर बघा, मगच काहीतरी इन्स्टॉल करा.

‘फायरफॉक्स ५२ टाका’

हा सल्ला स्वतःच्याच पायावर उभा राहत नाही. साध्या ५२ मध्ये जावाचं प्लगइन आधीच बंद होतं; ते फक्त ५२ च्या ईएसआर, म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणाऱ्या, आवृत्तीत चालत असे, आणि त्या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती २०१८ मध्येच थांबली. तेव्हापासून सापडलेली भोकं तिच्यात तशीच उघडी आहेत. ज्या ब्राउझरमध्ये आपण टोकनचा पिन टाकतो, तो असा असावा? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे आपली खाजगी किल्ली आपल्याच ताब्यात राहील एवढी वाजवी काळजी घेणं ही सहीधारकाची जबाबदारी आहे. अपडेट बंद केलेल्या ब्राउझरने ती पार पडत नाही.

‘फाइल प्लगइन्स फोल्डरमध्ये जोडा’

आजचा फायरफॉक्स त्या फोल्डरकडे ढुंकूनही बघत नाही. जोडणी कितीही बरोबर केली तरी फरक शून्य.

मग अडतं कुठे?

बहुतेक वेळा स्नॅपच्या भिंतीवर. उबंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो, म्हणजे तो बाकी सिस्टिमपासून वेगळ्या कप्प्यात चालतो. टोकनच्या लायब्ररीची फाइल संगणकावर असते, पण कप्प्यातल्या ब्राउझरला ती दिसत नाही आणि ‘लोड’ दाबलं की मॉड्यूल जोडता येत नाही असा संदेश येतो. लोक तो वाचून टोकनच बिघडलं म्हणतात. तपासायचं तर पत्त्याच्या पट्टीत ‘अबाऊट:सपोर्ट’ उघडा. प्रोफाइल डिरेक्टरीच्या मार्गात ‘स्नॅप’ शब्द दिसला, की अडचण हीच असण्याची शक्यता मोठी.

उपाय: फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या साठ्यातून) एपीटी या उबंटूच्या इन्स्टॉलरने डेब, म्हणजे कप्प्याविना चालणारं, पॅकेज घ्या. इथे एक पायरी लोक हमखास विसरतात. उबंटूच्या फायरफॉक्स पॅकेजचा आवृत्ती-क्रमांक ‘१:’ ने सुरू होतो, त्यामुळे एपीटीला तेच नवीन वाटतं आणि ते पुन्हा स्नॅपच बसवतं. एपीटीच्या प्रेफरन्सेस फोल्डरमध्ये मोझिलाच्या रिपॉझिटरीला १००० प्राधान्य दिलं की हे थांबतं. स्नॅप काढण्याआधी बुकमार्क निर्यात करून ठेवा, नव्या फायरफॉक्सला जुनं प्रोफाइल आपोआप सापडत नाही.

ब्राउझर उघडण्याआधी टोकन सिस्टिमला दिसतंय का हे पाहणं जास्त महत्त्वाचं. पीसीएससीडी, लिबसीसीआयडी, ओपनएससी आणि पीसीएससी-टूल्स ही चार पॅकेजं घाला. टोकन हबमध्ये न लावता थेट यूएसबी पोर्टमध्ये लावा आणि टर्मिनलमध्ये ‘पीसीएससी_स्कॅन’ चालवा. रीडरचं, म्हणजे टोकनचं, नाव आलं नाही, तर ब्राउझरमध्ये काहीही करून उपयोग नाही. आधी पीसीएससीडी ही सेवा रीस्टार्ट करा. नाव आलं, तर ‘पीकेसीएस११-टूल’ला टोकन-कंपनीच्या लायब्ररीचा पूर्ण मार्ग देऊन स्लॉटची यादी मागवा. इथे ‘राँग ईएलएफ क्लास’ असा संदेश आला, तर लायब्ररी ३२-बिट आणि प्रोग्राम ६४-बिट आहे, किंवा उलट. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या जुन्या पीसीवर आधीच कोणीतरी लिनक्स टाकून दिलेलं असेल, तर ‘युनेम -एम’ने ते किती बिटचं आहे हे बघून मगच ड्रायव्हर उतरवा.

यादीत टोकन दिसलं की फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘सिक्युरिटी डिव्हायसेस’ उघडा आणि ‘लोड’मधून तीच फाइल द्या. क्रोमचा डेटाबेस वेगळा, तिथे क्रोम पूर्ण बंद करून टर्मिनलमधल्या ‘मॉडयुटिल’ या आज्ञेने लायब्ररी जोडावी लागते. पिन अंदाजाने टाकत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतं.

पोर्टल १२७.०.०.१ वाली वाट धरत असेल, तर ‘एसएस -एलटीएनपी’ने मदतनीस प्रोग्राम पोर्टवर खरंच बसलाय का ते पाहा. बसला असूनही पोर्टल ‘सेवा सुरू नाही’ म्हणत असेल, तर बहुधा त्या प्रोग्रामचं सुरक्षा-प्रमाणपत्र ब्राउझरने नाकारलेलं असतं. तो पत्ता पोर्टसकट वेगळ्या टॅबमध्ये एचटीटीपीएसने उघडून इशारा मान्य करा, पण फक्त त्याच पत्त्यापुरता.

‘सुडोने चालवा, ७७७ द्या’

सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. क्रोम रूट म्हणून चालायलाच नकार देतो. सँडबॉक्स (पानांना बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणारं कुंपण) बंद करून तो चालवला, तर उघडलेलं प्रत्येक पान रूटच्या अधिकाराच्या दारात उभं राहतं. फायरफॉक्सचं वेगळं दुखणं: एकदा सुडोने चालला की होम फोल्डरमधल्या काही फाइलींची मालकी रूटकडे जाऊ शकते, आणि दुसऱ्या दिवशी साधा फायरफॉक्स ‘प्रोफाइल लोड करता येत नाही’ म्हणून थांबतो. मग लोक ७७७ देतात. त्याऐवजी मालकी परत घ्या: ‘चोन’ या आज्ञेला मोठा आर लावून डॉट-मोझिला फोल्डर स्वतःच्या नावावर करा.

एक्स्टेन्शनच्या मदतनीस प्रोग्रामलाही ७७७ लागत नाही, ७५५ (बदल फक्त मालकाला, वाचणं-चालवणं सगळ्यांना) पुरतं. तिथे अडतं ते ब्राउझरला त्या प्रोग्रामची ओळख देणाऱ्या जेसन फाइलमध्ये: प्रोग्रामचा मार्ग ‘/’ पासून पूर्ण लिहिलेला हवा आणि फाइलचं नाव आतल्या ‘नेम’शी जुळायला हवं. शिवाय फायरफॉक्ससाठी ‘अलाउड_एक्स्टेन्शन्स’ आणि क्रोमसाठी ‘अलाउड_ओरिजिन्स’ असा वेगवेगळा शब्द लागतो. एकाची फाइल दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी टाकली तर एक्स्टेन्शन इन्स्टॉल झालेलं दिसतं, पण सही होत नाही.