टाकी कशाला बदलता, साबण आहे की!

तुमच्याकडे पंधरा-सोळा वर्षांची पिकअप आहे का? सकाळी ती हलवली की खाली फरशीवर बशीएवढा ओला डाग दिसतो का? मग अभिनंदन, तुमची डिझेलची टाकी वयात आली. आता घाबरून लगेच नवी टाकी आणायला पळू नका. नवी आणून सरळ बसवणं हे बावळटाचं काम. मी ते केलं नाही. दीड महिना हुशारी केली, परवा पोट भरलं, आणि आता ती हुशारी तुम्हाला फुकट वाटायला बसलोय.

डिझेलचा वास आला की "पंपावर भरताना सांडलं असेल" म्हणायचं. हे वाक्य सहा महिने पुरतं.

त्यानंतर धुण्याच्या साबणाची वडी घ्या आणि गळतंय तिथं दाबून घासा. हसू नका, गळती खरंच थांबते. डिझेलात साबण विरघळत नाही. पाण्यात विरघळतो. पण आपल्या सोलापुरात पाऊस येतोच कुठं? मी मात्र साबण लावल्यावर तिसऱ्या दिवशी पासिंगसाठी गाडी चकाचक धुवून आणली. ते सोडा.

साबण गेला की भोकं बुजवायची दोन पुड्यांतली लांबी मळून थापा. थापताना पट्ट्याखाली चुकूनही बघू नका. टाकी ज्या लोखंडी पट्ट्यांनी चेसीला बांधलेली असते, त्यांच्याखाली रबर असायचं. ते कधीच गेलं. तिथं चिखल बसतो, ओल धरतो, आणि पत्र्याची चाळणी होते ती नेमकी तिथंच. तुम्ही लांबी लावणार समोर, गळणार पट्ट्यामागून. दिसत नाही म्हणजे नाही.

टाकी नेहमी पाव भरलेलीच ठेवा, गळायला कमी मिळतं. उरलेल्या जागेत हवा राहते, रात्री गारठली की त्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंब धरते, थेंब डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला जाऊन बसतात, आणि टाकी आतूनही गंजायला लागते. नळाला चार-चार दिवस पाणी नसलं तरी आपल्या टाकीत मात्र रोज येतं. महापालिकेला जमलं नाही ते पिकअपनं करून दाखवलं.

हे सगळं झालं की मग मिस्त्री गाठा. मिस्त्री म्हणाला, "कशाला बदलताय मालक, झाळून देतो की ओ. हजारात काम." डिझेल उपसायला त्यानं पाईप तोंडात धरून ओढला, अर्धा घोट गिळला, थुंकला आणि चहा मागवला. मला सांगितलं, सवय आहे. (फुप्फुसाला सवय होत नाही, पण आपण कोण सांगणारे?) मग टाकी एकदा पाण्यानं विसळली आणि गॅसची बत्ती पेटवली. आता ऐका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. डिझेलची वाफ ठिणगीला पेट घेते ते तापमान आपल्या मानकात किमान ३५ अंश धरलंय. सोलापूरच्या मे महिन्यात सावलीत ४२ असतात, आणि मिस्त्रीचं छप्पर पत्र्याचं. मी पंधरा फूट लांब जाऊन उभा राहिलो. बघा, अक्कल होती मला. फक्त लांब उभं राहण्यापुरती.

स्फोट झाला नाही. झाळलेलं आठ दिवसांत उकललं.

भंगारातली टाकी स्वस्त पडते. आतला गंज मोफत मिळतो, आणि डिझेल फिल्टरवाल्याचं घर चालतं. माझ्याकडून त्याचं तीनदा चाललं.

उपसलेलं डिझेल कॅनमध्ये भरून कॅन मागं मालावरच ठेवावा. माझा धंदा टॉवेलचा. गिऱ्हाइकाचा फोन आला, "ह्यानं तोंड पुसायचं का गाडी?"

शेवटी हरलो आणि नवी टाकी घेतली. मिस्त्री म्हणाला, "अर्ध्या दिवसाचं काम." गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्री तेल सोडून ठेवायचं असतं, ते कुणी सोडलं नव्हतं, त्यामुळं दोन बोल्ट तुटले आणि अर्धा दिवस चार दिवसांचा झाला. पट्ट्याखाली नवं रबर टाका म्हटलं, तर म्हणाला, "कंपनी तरी कुठं आयुष्यभराचं टाकते?" यावर काय बोलणार.

आणि आता या लेखाचा गाभा. पाईप काढताना खूण करू नका. अजिबात नको. टाकीच्या डोक्यावर दोन नळ्या असतात. एक तळापर्यंत जाते, ती डिझेल ओढते. दुसरी रिटर्नची, इंजिनाला लागून उरलेलं डिझेल परत आणून सोडते. माझ्या टाकीत ती तळापासून तिसऱ्या हिश्श्यावरच संपते. दोन्हीवरचे रबरी पाईप एकाच जाडीचे, एकाच काळ्या रंगाचे. ते उलटे लावले की गंमत अशी होते की काहीच होत नाही. टाकी फुल्ल असते, दोन्ही नळ्या बुडालेल्या असतात, गाडी एका सेल्फमध्ये चालू. मिस्त्री पैसे मोजून घेतो. तुम्ही साठ लिटर भरून पुण्याला माल टाकता. परत येताना रात्री दीडला मोडनिंबजवळ गाडी दोन आचके देऊन बंद. काटा तिसऱ्या हिश्श्यावर. टाकीवर थाप मारली तर आत खळखळ ऐकू येतेय, वीस लिटर तरी आहे, आणि गाडी उपाशी मेलीय. डिझेल ओढायचा हातपंप मारून मारून अंगठा सुजला, नुसती हवा. शेजारून ट्रेलर जाताना पिकअप पाळण्यासारखी हलत होती. पहाटे एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं पंपापर्यंत नेलं, पंधरा लिटर आणून ओतलं, आणि गाडी चालू! म्हणजे डिझेलच संपलं होतं, नाही का? मिस्त्री तेच म्हणाला. "काटा खोटा बोलतोय मालक, फ्लोट गेलाय." नवीन फ्लोट, म्हणजे टाकीत तरंगून काटा हलवतो तो, टाकला. अकराशे रुपये. काटा आधी जिथं होता तिथंच राहिला, कारण बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता. चार दिवसांनी होटगी रोडला भर दुपारी पुन्हा तेच. मग मिस्त्री म्हणाला, इंजिनाचा डिझेल पंप उतरवायला लागतोय. पंप! सूत उतरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे पाईप उलटे कुणी लावले बे?" दोन मिनिटं लागली त्यांना. दोन मिनिटं आणि एक पेचकस.

अहो, खडूची एक रेघ मारायला काय जातं? दोन पाईपांपैकी एकाला चिंधी बांधायला किती खर्च येतो? वीस वर्षं टाक्या उतरवतोस ना तू? चूक होते, माणूस आहे. पण चूक झाल्यावर वाकून बघायचं सोडून गिऱ्हाइकाचा काटा खोटा, फ्लोट खोटा, पंप खोटा, आणि तू तेवढा खरा? आणि "मालक, टेन्शन घेऊ नका" म्हणत दरवेळी हजाराची नोट घ्यायची?

मला खरा राग त्याचाही नाही. टाकी खाली घेतली त्या दिवशी गाडीखाली होता एक पोरगा, सोळाचा असेल नसेल. गाडी एका जॅकवर, शेजारी आधाराला दोन विटा. शेवटचा बोल्ट सुटला, टाकी तिरकी झाली आणि तळातलं उरलेलं डिझेल त्याच्या तोंडावर आलं. एवढी टाकी निम्मी भरली तरी पंचवीस किलो डिझेल होतं. ती पुरती उपसून मग काढावी, खाली चष्मा घालून जावं, हे काय शास्त्र आहे का? मिस्त्री वरून ओरडला, "धर बे नीट, सांडू नको." डोळ्यांत डिझेल गेलं की पंधरा मिनिटं पाण्याची धार धरायची असते. गॅरेजचा ड्रम कोरडा होता, पाण्याचा वार दुसऱ्या दिवशीचा. माझ्या केबिनमध्ये पाण्याची बाटली होती. ती मला नंतर, घरी आल्यावर आठवली. पोरगा बनियनच्या टोकानं डोळे पुसत होता, आणि मी मिस्त्रीला विचारत होतो, "चारपर्यंत होईल ना?"